डीडीपीआयच्या कागदावर सही करावी की नाही? (शुक्रवारपूर्वी उत्तर हवे)

प्रेषक: ताई, कारेलीबाग
मंगळवार, सकाळी ९.१०

सर्वांना सप्रेम नमस्कार.

अण्णांच्या गुंतवणुकीच्या गेल्या वर्गानंतर धीर करून मी डीमॅट खात्याचा, म्हणजे शेअर कागदाऐवजी संगणकावर ठेवण्याच्या खात्याचा, अर्ज मागवला. मुदतठेवीचे तीन लाख रुपये या महिन्यात मोकळे होत आहेत आणि त्यांतील काही रक्कम शेअरमध्ये घालावी असा विचार आहे. दलालाचा माणूस शुक्रवारी दुपारी सह्या घेण्यासाठी घरी येणार आहे. अर्ज वाचत गेले तेव्हा शेवटी डीडीपीआय नावाचा एक स्टँपपेपर निघाला. ‘यावर सगळेच सही करतात, काकू, नाहीतर विकताना अडचण येते,’ असे तो फोनवर म्हणाला. मी बत्तीस वर्षे शाळेत शिकवले आणि ‘सगळेच करतात’ हे कारण एकाही विद्यार्थ्याकडून चालवून घेतले नाही, म्हणून विचारते.

पॅनची प्रत, रद्द केलेला धनादेश, सहा महिन्यांचे बँकेचे विवरणपत्र आणि फोटो काढून ठेवायला त्याने सांगितले होते; ते सर्व तयार आहे. प्रश्न फक्त त्या एका सहीचा आहे.

ताई

---

प्रेषक: अण्णा, अलकापुरी
मंगळवार, सकाळी ११.३०

ताई,

हा प्रश्न वर्गातच विचारला असता तर मी फळ्यावर आकृती काढून दाखवली असती. वर्ग त्यासाठीच घेतो. असो.

आपण शेअर विकतो तेव्हा ते आपल्या डीमॅट खात्यातून निघून सौदे पुरे करणाऱ्या क्लिअरिंग कॉर्पोरेशनकडे पोहोचावे लागतात. ते कोणाच्या परवानगीने निघावेत, एवढाच येथे प्रश्न आहे. पूर्वी दलाल सरसकट मुखत्यारपत्र लिहून घेत असत. शेअरबाजारावर देखरेख करणाऱ्या सेबीने ४ एप्रिल २०२२च्या परिपत्रकाने त्याऐवजी ‘डीमॅट डेबिट अँड प्लेज इन्स्ट्रक्शन’ म्हणजे डीडीपीआय हा मर्यादित कागद आणला आणि त्याच वर्षीच्या नोव्हेंबरपासून तो लागू झाला. त्यात चारच कामांची मुभा आहे : आपण विकलेल्या शेअरची पोच देणे, मार्जिनसाठी, म्हणजे सौद्यांच्या तारणासाठी, शेअर गहाण ठेवणे, शेअरबाजाराच्या यंत्रणेवरून केलेले म्युच्युअल फंडाचे व्यवहार आणि ओपन ऑफरमध्ये, म्हणजे कंपनी ताब्यात घेणाऱ्याने भागधारकांकडून शेअर मागितले असता, ते देणे. सही पूर्णपणे ऐच्छिक आहे. ती केली नाही म्हणून दलालाला खाते नाकारता येत नाही.

आपण वर्षातून एक-दोनदा विकणार असाल तर मुळीच सही करू नका. विक्रीच्या दिवशी डिपॉझिटरीचा (जिच्याकडे आपले डीमॅट शेअर प्रत्यक्ष नोंदलेले असतात त्या संस्थेचा) टीपिन हा गुप्त क्रमांक आणि मोबाईलवर आलेला ओटीपी टाकला की काम होते.

अण्णा

---

प्रेषक: नाना, घडियाळी पोळ
मंगळवार, दुपारी ४.००

अण्णांशी प्रथमच सहमत आहे, परंतु त्यांचे कारण अपुरे आहे.

सहीचा धोका सोयीच्या तराजूत तोलण्याचा नसतो. २०१९च्या नोव्हेंबरमध्ये सेबीने एका मोठ्या दलाल कंपनीवर बंदी घातली, ती कशासाठी हे येथील कित्येकांना आठवत असेल. ग्राहकांनी भोळेपणाने दिलेल्या मुखत्यारपत्रांच्या जोरावर त्यांचेच शेअर गहाण पडले होते. आता कागदाचे नाव बदलले आहे आणि कामे मोजून दिली आहेत, हे मान्य. पण त्या चारांतील दुसरे काम गहाणाचेच आहे, हे अण्णांनी एका ओळीत उरकले.

मी आजही डिपॉझिटरीची सूचना-पुस्तिका वापरतो. चेकबुकासारखी असते. प्रत्येक विक्रीला एक चिठ्ठी, माझ्या हाताने भरलेली, माझ्या सहीची. ताईंनी तीच मागून घ्यावी.

नाना

---

प्रेषक: अण्णांचा भाचा, मांजलपूर
मंगळवार, रात्री १०.१५

नानाकाका, आपली पुस्तिका सौदे सावकाश पुरे होत त्या काळातली आहे. २७ जानेवारी २०२३पासून सगळ्या शेअरचे सौदे दुसऱ्याच कामकाजाच्या दिवशी पुरे होतात. आपण चिठ्ठी भरणार, रिक्षा करून रावपुऱ्यात जाणार, तेथील मुलगा जेवायला गेलेला असणार. आणि शेअर वेळेत पोहोचले नाहीत तर ते लिलावातून घेतले जातात व भावातला फरक विकणाऱ्याच्या माथी बसतो. टीपिनला दोन मिनिटे पुरतात.

ताईमावशी, आपण ज्या दलालाकडे खाते उघडता आहात तो खरेदी-विक्रीवर टक्केवारी घेणारा दिसतो, कारण सह्यांसाठी घरी माणूस पाठवणे त्यालाच परवडते. मी ज्या अ‍ॅपवर आहे तेथे सारे आधारवरून घरबसल्या होते आणि शेअर घेऊन ठेवण्यावर दलाली लागत नाही. सोबत माझी लिंक जोडली आहे. तिच्यावरून खाते उघडल्यास आपल्यालाही काही सवलत मिळेल.

---

प्रेषक: कार्यवाह
बुधवार, सकाळी ८.००

वरील पत्रातील लिंक काढून टाकली आहे. लिंकवरून खाते उघडले की पाठवणाऱ्याला मोबदला मिळतो, हे आता लहान मुलांनाही ठाऊक आहे. गणेशोत्सवाच्या वर्गणीच्या धाग्यात विमा एजंटांनी जे केले त्यानंतर हा नियम झाला होता आणि तो सर्वांना, नात्यागोत्याचा विचार न करता, लागू आहे.

---

प्रेषक: अण्णा, अलकापुरी
बुधवार, सकाळी ८.४०

भाच्याने लिंक पाठवली याची मला कल्पना नव्हती. वर्गात मी आजवर एकाही दलालाचे नाव घेतलेले नाही, याला चाळीस साक्षीदार आहेत.

नाना म्हणतात ते गहाणाचे काम मार्जिनवर सौदे करणाऱ्यांच्या उपयोगाचे आहे. मार्जिन घ्यायचेच नसेल तर त्या कलमाचा ताईंना उपयोगही नाही आणि गरजही नाही, म्हणूनच मी सही करू नका म्हणालो. मी ते उरकले नव्हते.

---

प्रेषक: भाऊ, निझामपुरा
बुधवार, दुपारी १.२०

सही करू नका असे सर्वजण एका सुरात सांगत आहेत, म्हणून दुसरी बाजू मांडतो.

माझ्या वडिलांचे खाते २००७ सालचे. साधा फोन वापरत, दलालाच्या कचेरीत फोन करून सौदे सांगत. मागे ते रुग्णालयात असताना त्यांना स्वतःच्या खात्यातून थोडे शेअर विकावेसे वाटले. पैशाची निकड होती. मुखत्यारपत्र त्यांनी, नानांच्याच पिढीच्या सल्ल्याने, कधीच रद्द करून टाकले होते. टीपिन मागवला, तर तो खात्याला जोडलेल्या जुन्या क्रमांकावर गेला, आणि तो क्रमांक कधीच बंद पडला होता. सूचना-पुस्तिका कोणत्या ट्रंकेत आहे हे फक्त आईला माहीत होते आणि आई वडिलांपाशी रुग्णालयात होती. मोबाईल क्रमांक बदलण्याचा अर्ज मंजूर होईपर्यंत भावही उतरला आणि निकडही दुसऱ्या मार्गाने भागवावी लागली.

तो कागद असता तर वडिलांनी फोनवर सौदा सांगितला असता आणि शेअर आपोआप पोहोचले असते. माझ्या मते टीपिनवर विसंबण्याचा खरा अर्थ मोबाईल क्रमांकावर विसंबणे असा आहे. ताई, तो क्रमांक तुमच्याच नावावर आहे ना? की मुलाच्या?

---

प्रेषक: नाना, घडियाळी पोळ
बुधवार, सायंकाळी ६.३०

भाऊंच्या वडिलांना मी ओळखत होतो आणि मुखत्यारपत्र रद्द करण्याचा सल्ला मीच दिला होता. क्रमांक बदलू नये असा सल्ला मात्र मी दिला नव्हता.

ट्रंकेवरून आठवले म्हणून लिहितो. सयाजीगंजातला आपला वडोदरा शेअरबाजार १९९० साली सुरू झाला तेव्हा कागदी प्रमाणपत्रांच्या गठ्ठ्यांवर मी स्वतः हस्तांतरणाचे अर्ज टाचून दिले आहेत. तो बाजार २०१५ साली बंदही झाला. ज्यांच्या घरी अजून तसे कागदी शेअर असतील त्यांनी लक्षात घ्यावे की १ एप्रिल २०१९पासून ते दुसऱ्याच्या नावे विकता येत नाहीत, आधी डीमॅट करावे लागतात. आणि सात वर्षे सलग लाभांश घेतला नसेल तर शेअर सरकारच्या गुंतवणूकदार शिक्षण व संरक्षण निधीकडे जातात व तेथून परत मागताना नाकी नऊ येतात. माझ्या पोळीत अशी तीन घरे आहेत.

---

प्रेषक: अण्णांचा भाचा, मांजलपूर
बुधवार, रात्री ११.०५

लिंकबद्दल क्षमस्व.

ताईमावशी, मूळ प्रश्न राहूनच गेला : घ्यायचे काय आहे? निर्देशांकाचा साधा म्युच्युअल फंड एसआयपीने घ्यायचा असेल तर डीमॅट खातेच लागत नाही. फंड कंपनीकडे थेट घेता येतो. तसे केल्यास शुक्रवारच्या सह्यांचा प्रश्नच उरणार नाही.

---

प्रेषक: ताई, कारेलीबाग
गुरुवार, सकाळी ७.१५

मोबाईल माझ्याच नावावर आहे आणि तो बदलण्याचा विचार नाही.

घ्यायचे काय, तर फंडाची एसआयपी गेल्या महिन्यात सुरू केली आहे, दरमहा पाच हजारांची. डीमॅट हवे आहे ते थोड्या थेट शेअरसाठी. सयाजीराव महाराजांनी १९०८ साली मांडवीत जी बँक काढली तिच्यात माझ्या वडिलांनी माझे पहिले पासबुक उघडले होते. तिचे पाच-पन्नास शेअर माझ्याजवळ असावेत असे वाटते. हसू नये.

---

प्रेषक: अण्णा, अलकापुरी
गुरुवार, सकाळी ९.००

हसत नाही, परंतु आठवण हे शेअर जपून ठेवण्याचे कारण होऊ शकते, तीन लाख एका दिवशी घालण्याचे नव्हे. २३ मार्च २०२० रोजी सेन्सेक्स एकाच दिवसात ३,९३४ अंकांनी कोसळून २५,९८१वर बंद झाला होता. त्या आठवड्यात ज्यांना घरखर्चासाठी विकावे लागले त्यांचे नुकसान कायमचे झाले आणि ज्यांचा सहा महिन्यांचा खर्च बँकेत पडून होता ते नुसते चिडचिड करत बसले. आपण तीन लाखांपैकी किती रक्कम पाच वर्षे विसरू शकता ते आधी ठरवा. तेवढीच चार-सहा हप्त्यांत घाला.

आणि बेसिक सर्व्हिसेस डीमॅट खातेच मागा. १ सप्टेंबर २०२४पासून चार लाखांपर्यंतच्या मूल्याला त्याचा वार्षिक आकार शून्य आहे. घरी येणारा माणूस ते आपणहून सांगणार नाही.

---

प्रेषक: माई, फतेगंज
गुरुवार, दुपारी १२.५०

मी सहसा लिहीत नाही, पण दोन दिवस वाचते आहे आणि एक गोष्ट कोणाच्याच नजरेस कशी आली नाही याचे आश्चर्य वाटते.

ताईंनी पहिल्याच पत्रात लिहिले आहे की सहा महिन्यांचे बँकेचे विवरणपत्र मागितले आहे. रोखीने, म्हणजे पूर्ण पैसे मोजून, शेअर घेण्याच्या खात्याला बँक खात्याच्या खात्रीसाठी रद्द केलेला धनादेश पुरतो, आणि तो तर वेगळा मागितलाच आहे. सहा महिन्यांचे विवरणपत्र हा उत्पन्नाचा पुरावा झाला आणि तो फ्युचर्स-ऑप्शन्सचा, म्हणजे शेअरच्या पुढच्या भावावरील सौद्यांचा, विभाग सुरू करण्यासाठी मागतात. माझ्या जावयाच्या अर्जात हेच झाले होते. सर्व चौकटींवर पेन्सिलीने आधीच खुणा करून ठेवल्या होत्या आणि त्याने त्या शाईने गिरवल्या. पुढचे सांगत बसत नाही.

ताई, अर्जाचे ते पान पाहा. विभागांची नावे ओळीने छापलेली असतील आणि प्रत्येकासमोर सहीची चौकट असेल.

---

प्रेषक: अण्णा, अलकापुरी
गुरुवार, दुपारी १.३०

माईंनी बरोबर नेम धरला. हे माझ्या लक्षात यायला हवे होते.

सेबीच्या सप्टेंबर २०२४च्या अभ्यासानुसार २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांत फ्युचर्स-ऑप्शन्समध्ये उतरलेल्या एक कोटीहून अधिक वैयक्तिक व्यापाऱ्यांपैकी ९३ टक्के लोक तोट्यात गेले. माणशी सरासरी सुमारे दोन लाख रुपये आणि एकूण तोटा १.८ लाख कोटींहून अधिक. दलालाला मात्र प्रत्येक सौद्यावर दलाली मिळते, सौदा कोणाच्या बाजूने गेला याच्याशी त्याला कर्तव्य नसते. डीडीपीआय फार तर तुमचे असलेले शेअर हलवील; त्या विभागात ऑप्शन विकला किंवा फ्युचर घेतले तर तोटा तुमच्या हाती असलेल्या रकमेपाशी थांबेलच असे नाही. आपण तीन दिवस धाकट्या सहीवर भांडत होतो.

---

प्रेषक: नाना, घडियाळी पोळ
गुरुवार, दुपारी ३.१०

धाकटी का होईना, गहाणाचीच.

---

प्रेषक: ताई, कारेलीबाग
शुक्रवार, रात्री ८.२०

सर्वांची आभारी आहे. जे झाले ते कळवते.

माईंनी सांगितलेले पान अकराव्या क्रमांकाचे निघाले. रोखीचे शेअर, म्युच्युअल फंड, फ्युचर्स-ऑप्शन्स, चलन आणि कमोडिटी अशा पाच चौकटी होत्या आणि पाचांसमोरही बारीक पेन्सिलीने फुली होती. मी पहिल्या दोहोंवर सही केली आणि उरलेल्या तिन्हींवर आडवी रेघ मारून तिच्यावर सही केली, उत्तरपत्रिकेतील कोऱ्या जागेवर मारतात तशी. मुलगा गोड होता. म्हणाला, ‘काकू, पुढे कधी लागलं तर?’ पुढे लागले तर पुढे बोलावीन, असे सांगितले. बँकेचे विवरणपत्र दिले नाही आणि त्यानेही पुन्हा मागितले नाही.

डीडीपीआयचा कागद कोरा परत केला. भाऊंची गोष्ट मनात असल्यामुळे त्याच्यासमोरच मोबाईल क्रमांक आणि ईमेल दोन्ही ठिकाणी नीट लिहिले आहेत का ते तपासले. ईमेलमध्ये एक अक्षर चुकले होते. ते दुरुस्त करून घेतले. नामनिर्देशनात दोन्ही मुलींची नावे निम्म्या-निम्म्या वाट्याने घातली.

बेसिक खात्यावर मात्र गाडी अडली. माझ्या पॅनवर आधीच एक डीमॅट खाते आहे, असे त्याच्या यंत्रणेने दाखवले. ते २००८च्या जानेवारीत यांनी एका मोठ्या वीज कंपनीच्या शेअरविक्रीसाठी माझ्या नावाने उघडले होते आणि मी साफ विसरले होते. ते जुने खाते चालू असेपर्यंत नवे खाते बेसिक होऊ शकत नाही, कारण ती सवलत एका व्यक्तीला एकाच खात्यावर मिळते. त्या जुन्या खात्यात काही शेअर आहेत की नाहीत, त्याचा वार्षिक आकार इतकी वर्षे कुठे साठला आहे आणि ते बंद करण्यासाठी कोणाकडे जायचे, हे आता शोधायचे आहे. तो दलाल सयाजीगंजात होता एवढेच आठवते.

नाना, आपल्याकडे त्या काळचे पत्ते असतील का?

---

प्रेषक: नाना, घडियाळी पोळ
शुक्रवार, रात्री ८.४५

आहेत. रविवारी सकाळी दहा वाजता जुनी पासबुके, पॅन आणि आपल्या यजमानांचा मृत्यूचा दाखला घेऊन या. अण्णांच्या वर्गाला उशीर होईल, पण त्यास इलाज नाही.