आयपी६८ आणि पाऊस
बरेच जण म्हणतात की आयपी६८ (फोन धूळ-पाण्यापासून किती सुरक्षित आहे ते सांगणारा दर्जा) असला की फोन पावसात बिनधास्त वापरावा. नव्या फोनपुरतं ठीक. यातला ६ धुळीचा, ८ पाण्याचा. चाचणी गोड्या पाण्यात होते, किती खोल आणि किती वेळ ते कंपनी ठरवते. फोन एकदा आपटला किंवा डिस्प्ले बदलला की आतलं सील पूर्वीसारखं राहीलच असं नाही.

माझा दोन वर्षं वापरलेला फोन गेल्या जुलैत ठाणे स्टेशनबाहेरच्या सॅटिस पुलावर भिजला आणि कॅमेऱ्याच्या काचेआड वाफ धरली. ओल शोषायला म्हणून आई तांदळाचा डबा घेऊन आलीच, पण तांदूळ नकोच. ॲपलसुद्धा तेच सांगतं, बारीक कणांनी नुकसान होतं. पोर्ट खाली धरून हलकेच झटकला, पंख्याखाली ठेवला, रात्रभर चार्जरला हात लावला नाही. सकाळी काच स्वच्छ होती.