शब्द बदलले तरी चालतात म्हणे!

मारवा_बाई: काल इथे कुणीतरी ठोकून दिलं, "कॉयरमध्ये, म्हणजे समूहगायनात, शब्दांना काडीची किंमत नसते. अमेरिकन संगीतकार व्हिटेकरचं 'स्लीप' हे समूहगीत बघा. कवी फ्रॉस्टची बर्फातल्या जंगलाची कविता काढली, दुसरे शब्द घातले, काय बिघडलं?" बिघडलं नाही, कारण चाल फ्रॉस्टच्या ओळींवरच बेतलेली होती! फ्रॉस्टच्या वारसांनी कविता वापरायला नकार दिल्यावर नवे शब्द सिल्व्हेस्ट्री या कवीने लिहिले, पण वृत्त तेच ठेवलं. कडव्याच्या तिसऱ्या ओळीचं यमक पुढच्या कडव्याने उचलायचं, ही वीणही तीच. शेवटचा शब्द 'स्लीप', तोही तसाच. कवीला घराबाहेर काढलं, पण घर त्यानेच बांधलेलं.

काडीवाला: तो 'कुणीतरी' मीच. 'स्लीप'च्या 2011 च्या व्हर्च्युअल कॉयरमध्ये, म्हणजे घरोघरी रेकॉर्ड करून इंटरनेटवर जोडलेल्या समूहगायनात, 58 देशांतले 2052 आवाज होते. त्यातल्या कितीजणांना फ्रॉस्ट आठवला असेल? लोक फिदा आहेत ते एकमेकांना खेटून उभ्या राहणाऱ्या त्या सुरांवर.

दुसरी_अल्टो: दोघांनीही कविता वाचलेली दिसत नाही. फ्रॉस्टचा माणूस झोप पुढे ढकलतो, अजून मैलोन् मैल जायचंय म्हणतो. सिल्व्हेस्ट्रीचा झोपेला शरण जातो. अर्थ पार उलटा! आणि शेवटी 'स्लीप, स्लीप' म्हणत आवाज विरत जातात ना, तिथे मला तरी शरण जाणंच जास्त पटतं.

मारवा_बाई: म्हणजे शब्दांनी फरक पडतो. माझंच म्हणणं सिद्ध केल्याबद्दल आभार.

कलम_कसाई: मूळ रोग कॉपीराइट आहे. कविता 1923 ची. अमेरिकेने 1998 मध्ये मुदत 75 वरून 95 वर्षं केली नसती, तर 1 जानेवारी 1999 ला ती मोकळी झाली असती. झाली 2019 ला. कवी 1963 लाच गेला होता. वीस वर्षं कुणाच्या पोटासाठी?

नातू: वारसांना शिव्या देणं सोपं असतं हो. माझ्या आजोबांची गीतं एका मंडळाने नावाशिवाय गायली, वर दोन कडवी 'सुधारली'. आजी पहिल्या रांगेत बसली होती. व्हिटेकरने तरी काय केलं? परवानगी हातात नसताना रचना केली, 2000 मध्ये ती गाऊनही झाली.

कलम_कसाई: नाव न देणं ही चोरी. इथे तर फ्रॉस्टचं नाव मिरवायचंच होतं. भावनिक ब्लॅकमेल नको.

नातू: पहिल्या रांगेत तुमची आजी असती तर कलमं सुचली नसती.

काडीवाला: आज्या बाजूला ठेवा. 2019 पासून अमेरिकेत फ्रॉस्टच्या कवितेवर कॉपीराइट नाही, तरी कॉयर 'स्लीप' सिल्व्हेस्ट्रीच्याच शब्दांत गातात. बोला!

मारवा_बाई: सवय हो, सवय. बरं, सिल्व्हेस्ट्री ग्रेट. आता खूश?

दुसरी_अल्टो: ग्रेट असेल, पण त्या संथ लयीत आम्ही श्वास कुठे घ्यायचा, ते कुणी सांगेल का?