सौरऊर्जेचा विजय वगैरे ठीक, रात्रीचं काय?

तिरकस: ‘सौरऊर्जा जिंकली, वाद संपला’ असं काल इथे कुणीतरी ठोकून दिलंय. वाचून डोकं फिरलं. जगाची सौर क्षमता 2022 मध्ये 1 टेरावॉट (म्हणजे दहा लाख मेगावॉट), 2024 मध्ये 2. मान्य. पण क्षमता म्हणजे वीज नव्हे हो! 2024 मध्ये जगातल्या एकूण विजेत सौरचा वाटा जेमतेम 7 टक्के. संध्याकाळी दिवे-शेगड्या एकदम लागतात, तेव्हा तुमचे टेरावॉट घोरत पडलेले असतात.

रिकामटेकडी: ठोकून देणारी मीच. 2015 मध्ये हाच वाटा 1 टक्क्याच्या आसपास होता, ते सोयीस्कर विसरलात. आणि रात्रीसाठी बॅटऱ्या आहेत. कॅलिफोर्नियात दुपारची वीज साठवून संध्याकाळी ग्रिडला, म्हणजे सगळीकडे वीज पोचवणाऱ्या तारांच्या जाळ्याला, देतातच की.

तिरकस: आणि 28 एप्रिल 2025 ला स्पेन-पोर्तुगाल भर दुपारी वीज जाऊन ठप्प झाले, ते?

रिकामटेकडी: व्होल्टेज आवरता आलं नाही म्हणून. खापर सूर्यावर कशाला?

फ्यूजतार: भर दुपारचा विषय निघालाच आहे तर ऐका. माझ्या छतावर आठ पॅनेल. कडक ऊन, लाइन गेली, आणि पंखा बंद! पॅनेलची वीज घरात वापरण्याजोगी करणाऱ्या इन्व्हर्टरवर लाल दिवा. बसवणाऱ्याला फोन केला तर म्हणतो, “ग्रिड गेली की हाही बंद पडतो.” पैसे घेताना दातखीळ बसली होती का?

रिकामटेकडी: बंद पडायलाच हवा. नाहीतर तुमची वीज उलटी तारेत शिरेल आणि खांबावरचा लाइनमन जिवाला मुकेल.

फ्यूजतार: लाइनमनचा जीव मलाही कळतो, शिकवू नका. आधी सांगितलं का नाही, एवढंच विचारतोय.

उंटावरचा शहाणा: लाइन गेली तरी घर चालवणारा, बॅटरीवाला हायब्रीड इन्व्हर्टर घ्यायचा होता. आधी चिक्कूपणा, मग रडारड.

फ्यूजतार: माझ्या खिशात डोकावणारे तुम्ही कोण?

उंटावरचा शहाणा: खिसा तुम्हीच उलटा करून दाखवलात.

तिरकस: झालं, मूळ मुद्दा गेला इन्व्हर्टरच्या घशात! पॉलिसिलिकॉन या कच्च्या मालापासून पॅनेलपर्यंत प्रत्येक टप्प्यात 80 टक्क्यांहून जास्त हिस्सा चीनचा. उद्या त्यांनी नळ बंद केला तर?

रिकामटेकडी: पॅनेल म्हणजे तेल नव्हे. नवीन मिळणार नाहीत, पण बसवलेली पंचवीस वर्षं चालतात.

तिरकस: हं. मुद्दा बरा आहे. तुमच्याकडून पंचवीस वर्षांत एखादा येतो म्हणायचा.

फ्यूजतार: चालतात. लाइन असेल तर.