मदत हवी आहे: तेल कंपनीचा पीई नेमका वाचायचा कसा?

मंडळी, शेअरमधल्या जाणत्यांनी जरा डोकं लावा. अमेरिकन तेल कंपनी एक्सॉनमोबिलचा जुना पीई (शेअरचा भाव भागिले एका शेअरमागचा वर्षाचा नफा) बघत बसलोय आणि गोंधळ वाढतच चाललाय. २०२० ला कोरोनात २२.४ अब्ज डॉलरचा तोटा, ईपीएस, म्हणजे एका शेअरमागचा नफाच मायनस, मग पीई कुठून येणार, चार्टमध्ये तिथे सरळ खड्डा. २०२२ ला युक्रेन युद्धामुळे क्रूड (कच्चं तेल) भडकलं, नफा ५५.७ अब्ज, वर्षाअखेर शेअरचा भाव ११० डॉलरच्या आसपास, ईपीएस १३.२६, म्हणजे पीई जेमतेम ८. आणि २०२४ च्या शेवटी भाव बघा, १०७-१०८, जवळपास तोच, पण ईपीएस ७.८४ वर आला त्यामुळे पीई एकदम १४ च्या घरात! शेअर हलला नाही तरी 'महाग' झाला?

आमचा मेहुणा दादरहून फोनवर एकच पालुपद लावतो, पीई कमी म्हणजे स्वस्त, घेऊन टाक. मला तर इथे उलटंच वाटतं, नफा शिखरावर असतो तेव्हाच पीई कमी दिसतो.

मग अशा कंपनीला सात-दहा वर्षांची सरासरी ईपीएस धरायची का? आणि २०२० च्या तोट्यात १९ अब्जांच्या वरचं राइट-डाउन (मालमत्तेची किंमत हिशोबात कमी करणं) होतं, मुख्यतः नैसर्गिक वायूच्या मालमत्तेचं, ते सरासरीतून वगळायचं की ठेवायचं? मला वाटतं ठेवावं, त्या मालमत्तेवर आधी घातलेले पैसे तर खरेच गेले ना. की पीई सोडून प्राइस टू बुक (भाव भागिले एका शेअरमागची पुस्तकी किंमत) बघता तुम्ही? हे कळलं की ओएनजीसी घेतो बघायला, तिचं बॉम्बे हाय तेलक्षेत्र आपल्याच समुद्रात आहे शेवटी.