बोटीवरील इंडिकेटरचे रॉकर स्विच: बंद असलेल्या स्विचचा दिवा का पेटतो?

खाडीकाठ (प्रश्न)

नमस्कार. आमची २३ फुटांची फायबरची होडी आहे. आउटबोर्ड इंजिन आणि १२ व्होल्टची ७० अँपियर-तासांची बॅटरी आहे. पावसाळी बंदीत होडी वर ओढून शाकारलेली असल्याने या वेळी स्विचपॅनल नवे करून घेतले. गाड्यांचे वायरिंग करणाऱ्या मिस्त्रींनी तीन पिनांचे, आत फिलामेंटचा बारीक इंडिकेटर असलेले चार रॉकर स्विच बसवले: एक बिल्ज पंपाचा (होडीच्या तळाशी साचलेले पाणी बाहेर टाकणाऱ्या पंपाचा), आणि बाकीचे बाजूच्या लाल-हिरव्या दिव्यांचा, काठीवरच्या पांढऱ्या दिव्याचा व डेकच्या दिव्याचा.

आता दोन अडचणी आहेत. पंपाच्या स्विचचा इंडिकेटर स्विच बंद असतानाही पेटलेलाच राहतो, पंप मात्र व्यवस्थित चालू-बंद होतो. दुसरी अडचण मला मुळीच उलगडत नाही. दिव्यांच्या तीन स्विचांपैकी एक चालू केला की उरलेल्या दोघांचे इंडिकेटर मिणमिणतात, दोन चालू केले की बंद असलेल्या तिसऱ्याचाच इंडिकेटर सर्वांत उजळ दिसतो, आणि तिन्ही चालू केले की तिघांचेही विझतात. बाहेरचे दिवे मात्र प्रत्येक वेळी बरोबर लागतात. स्विचच खराब निघाले असतील का?

जुना_वायरमन

स्विच २३० व्होल्टचे नाहीत ना, हे आधी पाहावे. दुकानात लाल रंगाचे तसेच दिसणारे स्विच मिळतात, परंतु त्यांच्यात निऑनचा दिवा असतो आणि तो १२ व्होल्टवर पेटतच नाही. शिवाय त्यांच्यावर छापलेले अँपियर एसीसाठीचे असतात. डीसीमध्ये संपर्क सुटताना पडणारी ठिणगी सहज विझत नाही, म्हणून तो आकडा बोटीवर जसाच्या तसा धरू नये.

खाडीकाठ

स्विचांवर १२ व्होल्ट डीसी असेच छापलेले आहे.

नांगरवाला

मग स्विचांना दोष देऊ नका; आपण दिलेल्या वर्णनावरून दोन्ही चुका जोडणीतल्या आहेत, आणि वर्णन इतके नेमके आहे की मल्टिमीटर लावण्याआधीच त्या दिसतात.

तीन पिनांच्या स्विचमध्ये एका पिनवर पुरवठा येतो आणि दुसऱ्या पिनवरून तो पंपाकडे किंवा दिव्याकडे, म्हणजे लोडकडे जातो. तिसरी पिन, जी बहुधा पितळी रंगाची असते, ती केवळ इंडिकेटरच्या निगेटिव्हसाठी असते. इंडिकेटर हा लोडची पिन आणि ही पितळी पिन यांच्यामध्ये जोडलेला असतो. म्हणजे तो स्विचची कळ कोणत्या बाजूला दाबली आहे हे सांगत नाही, तर लोडच्या पिनवर त्या क्षणी व्होल्टेज आहे की नाही एवढेच सांगतो.

आता पंपाचा स्विच पाहा. मिस्त्रींनी बॅटरीची वायर लोडच्या पिनवर आणि पंपाची वायर पुरवठ्याच्या पिनवर लावली आहे. संपर्काला दिशा नसल्यामुळे पंप नीट चालतो, पण इंडिकेटरच्या पिनवर मात्र कायमचे व्होल्टेज राहते. या दोन वायरींची अदलाबदल केली की काम झाले. ही चूक किरकोळ वाटते, परंतु पंपाची वायर मेन स्विचला वळसा घालून थेट बॅटरीवरून फ्यूजमार्गे आणलेली असते (आणि तशीच असली पाहिजे), त्यामुळे १.२ वॅटचा इंडिकेटरसुद्धा दिवसाला २.४ अँपियर-तास खातो. चार आठवडे होडी उभी राहिली तर आपली बॅटरी जवळजवळ रिकामी होईल.

अदलाबदल करताना बॅटरीची निगेटिव्ह वायर आधी काढून ठेवा, आणि लोडची वायर व निगेटिव्ह यांची चुकून गल्लत होऊ देऊ नका. निगेटिव्ह लोडच्या पिनवर गेली, तर स्विच दाबताच सरळ शॉर्ट होऊन फ्यूज उडतो.

दिव्यांच्या तीन स्विचांची गंमत निराळी आहे. त्यांच्या पितळी पिना एकमेकींना छोट्या वायरींनी जोडून साखळी केलेली असेल, पण ती साखळी पुढे निगेटिव्ह बसबारपर्यंत, म्हणजे सगळ्या निगेटिव्ह वायरी जिथे एकत्र येतात त्या धातूच्या पट्टीपर्यंत, पोहोचलेली नाही किंवा वाटेत सुटलेली आहे. त्यामुळे चालू स्विचच्या इंडिकेटरमधून निघालेला प्रवाह साखळीतून बंद स्विचांच्या इंडिकेटरांमध्ये उलटा शिरतो आणि त्यांच्या बाहेरच्या दिव्यांमधून निगेटिव्ह गाठतो. दोन चालू असताना दोघांचा प्रवाह तिसऱ्या एकट्या इंडिकेटरमधून जातो, म्हणून तोच उजळ दिसतो. तिन्ही चालू असले की प्रवाहाला परतीची वाटच उरत नाही, म्हणून सगळे विझतात. इंडिकेटर एलईडीचे असते, तर उलटा प्रवाह अडला असता, एकही पेटला नसता आणि आपण दिवसभर पुरवठाच तपासत बसला असता.

साखळीचे शेवटचे टोक कुठे गेले आहे ते मला कळवा.

खाडीकाठ

पॅनल उघडून पाहिले. टोक स्टीलच्या पट्टीला स्क्रूने आवळलेले आहे, आणि ती पट्टी नुसती फायबरवर बसवलेली आहे.

नांगरवाला

गाडीच्या कामाची सवय नडली. गाडीत पत्र्याची बॉडी हीच निगेटिव्ह असते. फायबरच्या होडीत तशी बॉडीच नसते, म्हणून प्रत्येक निगेटिव्ह वायर बसबारपर्यंत न्यावीच लागते. लोखंडी किंवा ॲल्युमिनियमची बोट असती, तरीही तिचा सांगाडा परतीसाठी वापरायचा नसतो, कारण तसा प्रवाह वाहू लागला की धातू पाण्याखाली झपाट्याने झिजतो.

नवी वायर कथिलाचा मुलामा दिलेल्या तांब्याची घ्या. इंडिकेटरांच्या साखळीला अगदी बारीक वायर पुरते, पंपाला नाही. पंप ३ अँपियर घेत असेल आणि बॅटरीपासून ५ मीटरवर असेल, तर जाऊन-येऊन १० मीटर होतात, आणि १.५ चौरस मिलिमीटरच्या वायरीत सुमारे ०.३६ व्होल्ट, म्हणजे ३ टक्के, वाटेतच जातात. त्याहून बारीक वायर घालू नये.

खाडीकाठ

आभारी आहे. आणखी एक विचारतो. लाल-हिरवे दिवे आणि काठीवरचा पांढरा दिवा एकाच तीन-स्थितींच्या स्विचवर घेता येतील का? नांगरल्यावर फक्त पांढरा हवा असतो.

जुना_वायरमन

घेता येतील, पण त्यासाठी दोन पोलांचा, म्हणजे एकाच कळीने दोन स्वतंत्र सर्किट जोडणारा, स्विच लागतो. १२ मीटरपेक्षा लहान यांत्रिक होडीला चालताना चौफेर दिसणारा एकच पांढरा दिवा आणि बाजूचे दिवे चालतात, आणि नांगरावर तोच पांढरा एकटा. (प्रत्यक्ष मासेमारी चालू असतानाचे दिवे वेगळे.) एका पोलाच्या स्विचवर दोन्ही लोड-पिना तारेने जोडल्या, तर नांगरावरही लाल-हिरवे लागतील, आणि होडी चालती आहे असे समोरच्याला वाटेल. माझ्या मते दोन वेगळे स्विच आहेत तसेच ठेवावेत. रात्री हाताला सवयीचे तेच राहतील.

खाडीकाठ

पट्टीवरची वायर काढून बसबारला नेली आणि पंपाच्या दोन वायरींची अदलाबदल केली. तिन्ही इंडिकेटर आता आपापल्या स्विचबरोबरच लागतात. पंपाचा इंडिकेटर मात्र फ्लोट (पाणी वाढले की पंप आपोआप सुरू करणारा तरंगता स्विच) वर उचलला की स्विच बंद असूनही पेटतो.

नांगरवाला

तो तसाच राहू द्या. फ्लोटची वायर लोडच्या पिनवर येऊन मिळाली आहे, म्हणून पंप आपोआप सुरू झाला की इंडिकेटर लागतो. तो वरचेवर लागू लागला, तर पाणी कुठून येते ते पाहायला हवे.