मदत हवी आहे: नदीतली जेट बोट समुद्रात मासेमारीला नेता येईल का? (ओरेगन)

विलामेटकाठ:
वापरलेली २० फुटी ॲल्युमिनियमची जेट बोट बघून ठेवली आहे. व्ही-८ इनबोर्ड (इंजिन बोटीच्या आत), एकच पंप, तळ जवळजवळ सपाट (मागे व्ही-उतार फक्त ८ अंश), कठडे बुटके. वर्षभर नदीत चालेलच. उन्हाळ्यात न्यूपोर्टहून बाहेर सॅमन आणि रॉकफिश, जमल्यास किनाऱ्याने डेपो बेपर्यंत फेरफटका. एका बोटीत दोन्ही भागेल का? जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

तांडेल:
भागेल, पण निवडक दिवशी. लाटा उंच असतात ही खरी अडचण नाही, पंपात हवा शिरते ही आहे. पंप तळाच्या जाळीतून पाणी ओढतो आणि मागे झोताने फेकतो. लाटेवर तळ उचलला गेला की हवा आत जाते, इंजिन किंचाळते आणि रेटा संपतो. जेटला सुकाणू नाही, बोट वळते ती झोताने, त्यामुळे रेटा गेला की वळणंही गेलं. नदीत क्षणभराची गंमत. खाडीच्या तोंडाशी, बारवर (वाळूच्या उथळ पट्ट्यावर), मागून लाट येत असताना तोच क्षण नडतो: बोट आडवी फिरते आणि पुढची लाट कठड्यावरून आत येते.

न्यूपोर्टच्या खाडीच्या, म्हणजे याकिना बेच्या, बारवर ओहोटीचं पाणी बाहेर धावतं, तेव्हा लाटा उभ्या राहतात. म्हणून ओहोटी संपून पाणी थांबलं की बाहेर, आणि भरती पुरी व्हायच्या आत परत. निघण्याआधी ४६०५० बुईचे (समुद्रात तरंगणाऱ्या लाटामापकाचे) आकडे बघा. ४ फूट लाट आणि दोन लाटांत १२ सेकंद असतील तर ठीक. तेच ४ फूट ७ सेकंदांवर असतील तर या तळाने जाऊ नका. दुपारी वायव्येचा वारा सुटतो, तो धरून हिशेब करा. व्हीएचएफ रेडिओ चॅनल १६ वर ठेवा. कोस्ट गार्डने बार बंद केला असेल तर विषय संपला.

गळबहाद्दर:
+१. आणि किकर (जोडीचं छोटं इंजिन) हवाच. सॅमनला गळ ओढायचा वेग २-३ नॉट. तेवढ्याला जेट धड सरळ चालत नाही, सारखं स्टिअरिंग झुंजवावं लागतं. ९.९ हॉर्सपॉवरचं लाँग शाफ्ट (लांब दांड्याचं) आउटबोर्ड, म्हणजे बोटीमागे बाहेर टांगायचं इंजिन, लावा, टाकी वेगळी, म्हणजे पेट्रोलमध्ये पाणी गेलं तरी दोन्ही इंजिनं एकदम बसणार नाहीत. मात्र जोरदार ओहोटीविरुद्ध ते तुम्हाला आत आणेल या भरवशावर राहू नका.

रॉकफिश जिथे, तिथेच केल्प (लांब समुद्री शेवाळ). त्याने पंपाची जाळी भरली तर इंजिन बंद करा, बरंचसं आपोआप गळतं. नाही गळलं तर पंपाचं झाकण उघडावं लागतं. नदीत ते पाण्याच्या वर असतं. समुद्रात दोन माणसं मागे वाकली की तेच पाण्याखाली जातं आणि बोटीत पाणी भरतं. एकाने उघडावं, बाकीच्यांनी पुढे बसावं.

खारंपाणी:
घेण्याआधी कूलिंग बघा. नदीतल्या बऱ्याच बोटींत बाहेरचंच पाणी थेट इंजिनात फिरतं. हीट एक्स्चेंजर (इंजिनात बंदिस्त गोडं पाणी फिरवून ते बाहेरच्या पाण्याने थंड करणारा भाग) असला तरी एक्झॉस्ट मॅनिफोल्डमधून (धूर बाहेर नेणाऱ्या नळ्यांच्या जोडातून) खारं पाणीच जात असेल, तर त्यावरचा रायझर (वर चढणारा नळीचा भाग) काढून आतला गंज तपासा.

ॲनोड (बोटीऐवजी स्वतः झिजणारे धातूचे तुकडे) मॅग्नेशियमचे असतील तर बदला, खाऱ्या पाण्यात ते भराभर झिजून संपतात. नदी आणि समुद्र दोन्हीसाठी ॲल्युमिनियमचे बरे. स्टीलचा इम्पेलर (पंपातलं फिरतं चाक) ॲल्युमिनियमच्या पंपात असेल तर ही काळजी दुप्पट. तळाला तांब्याचा रंग अजिबात नको, पत्राच खाईल. दर फेरीनंतर गोड्या पाण्याने इंजिन १०-१५ मिनिटं धुवा. थर्मोस्टॅट (इंजिन तापल्यावर उघडणारी झडप) उघडेपर्यंत चालू ठेवा, नाहीतर ब्लॉक धुतलाच जात नाही. पंप कोरडा फिरवू नका, बऱ्याच पंपांची मागची बेअरिंग पाण्यावरच चालते. रात्रभर धक्क्याला बांधून ठेवणं टाळा, ट्रेलरवर काढा.

विलामेटकाठ:
सविस्तर माहितीबद्दल आभार. मग इनबोर्डऐवजी आउटबोर्ड जेट घेतली तर? आणि डेपो बे?

तांडेल:
ताकद साधारण ३० टक्के जाते, ११५ च्या इंजिनाला ८० धरा. पण तुमच्या कामाला तीच बरी: बऱ्याच मॉडेल्सना खालचा जेटचा भाग काढून प्रोपेलरचा गिअरकेस (पंख्याचा खालचा भाग) बसवता येतो. इंजिनाची उंची पाच-सहा इंचांनी बदलते, म्हणून जॅक प्लेट (इंजिन वर-खाली करायची पाटी) लागते. उन्हाळ्यात प्रोपेलर, बाकी वर्षभर जेट. तळ मात्र सपाट तो सपाटच, तेव्हा वरचे लाटांचे आकडे बदलत नाहीत.

डेपो बेला बाहेरून बघून परत फिरा. आत जायची वाट खडकांमधली जेमतेम ५० फुटांची. तिथे जेटने हवा खाल्ली तर सावरायला जागाच नाही.