नव्या गाडीचे तिरके स्टीअरिंग आणि व्हील अलाइनमेंट

सप्रेम नमस्कार,

आम्ही नुकतीच नवी गाडी घेतली. ताब्यात घेऊन महामार्गाला लागताच लक्षात आले की गाडी अगदी सरळ धावत असली तरी स्टीअरिंग डावीकडे किंचित कललेले राहते. ते डोळ्यांना सरळ दिसेल असे धरले की गाडी हळूहळू उजवीकडे सरकू लागते. डीलरकडे नेल्यावर सर्व्हिस ॲडव्हायझरने, रस्त्याला उतार असतो त्यामुळे असे भासते, असे सांगून आमची बोळवण केली. बराच आग्रह धरल्यानंतर त्यांनी अलाइनमेंट, म्हणजे चाकांचे कोन मोजून ठरावीक मापात बसवण्याचे काम, करून दिले आणि सगळे आकडे हिरव्या रंगात, म्हणजे मर्यादेत, असलेला कागदही हाती ठेवला. स्टीअरिंग मात्र होते तसेच आहे.

जाणकारांना माझे तीन प्रश्न आहेत. एकही खड्डा न खाल्लेल्या नव्या गाडीत हा दोष येतोच कसा? कागदावर सर्व काही ठीक असताना पुन्हा तक्रार घेऊन जाणे रास्त ठरेल का? आणि स्टीअरिंगचे चाक काढून दांड्यावर एक दाता सरकवून बसवले की काम भागते, असे एका परिचितांनी सुचवले आहे; तसे करून घ्यावे का?

आपली,
एक सभासद

*

ताईंना सप्रेम नमस्कार,

शेवटच्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो, कारण त्यात नुकसान होण्याचा संभव आहे. स्टीअरिंगचे चाक काढून सरकवून बसवण्यास कृपया संमती देऊ नका. त्या चाकात एअरबॅग असते, तिच्या तारांची गुंडाळी मध्यावर बसवलेली असते, आणि एक दाता सरकवला तरी कोन कित्येक अंशांनी बदलतो, त्यामुळे आपल्यासारख्या थोड्या कलासाठी तो उपाय मुळातच बसत नाही. त्याहून महत्त्वाचे म्हणजे कारखान्यात चाक, त्याखालचा दांडा आणि स्टीअरिंग रॅक (पुढची चाके डावी-उजवीकडे वळवणारी दातेरी पट्टी) यांचे मध्य एकमेकांशी जुळवलेले असतात. दोष सहसा रॅकच्या पुढे, म्हणजे टाय रॉडच्या (रॅकला चाकाशी जोडणाऱ्या दांड्याच्या) लांबीत असतो. चाक फिरवून बसवले की दोष आहे तिथेच राहतो आणि केवळ दिसेनासा होतो. रॅक मात्र मध्यापासून ढळलेलाच राहतो आणि गाडी एका बाजूला जास्त व दुसऱ्या बाजूला कमी वळते.

नव्या गाडीत असे होऊ शकते. कारखान्यात चाकांचे कोन ठरावीक मर्यादेत बसवले जातात. ते प्रत्येक गाडीत आदर्श आकड्यावरच असतात असे नाही. त्यानंतर गाडी जहाजावर, रेल्वेत किंवा ट्रेलरवर चढते, तिथे पट्ट्यांनी किंवा साखळ्यांनी आवळून बांधली जाते, आणि चढवताना-उतरवताना एखादे चाक कडेला आपटले तरी ते कोणाच्या नोंदीत येत नाही. वाहतुकीसाठी टायरमध्ये हवाही पुष्कळदा जास्त भरलेली असते, ती ताबा देण्यापूर्वी योग्य पातळीवर आणायची असते, आणि नेमके तेच घाईत राहून जाते. म्हणून दुसरे काही करण्यापूर्वी, टायर थंड असताना, दाराच्या चौकटीवरील पट्टीत दिलेल्या आकड्यांप्रमाणे चारही टायरची हवा तपासून घ्यावी.

आता मुख्य मुद्दा. गाडी एका बाजूला ओढणे आणि स्टीअरिंग तिरके राहणे हे दोन वेगळे दोष आहेत, आणि पुष्कळ ठिकाणी ते एकच समजून भलतीच दुरुस्ती केली जाते. स्टीअरिंग मोकळे सोडल्यावर गाडी आपण होऊन मार्ग सोडत असेल तर ती ओढते. त्यामागे दोन बाजूंच्या कॅम्बरमध्ये (समोरून पाहता चाकाचा कल) किंवा कॅस्टरमध्ये (बाजूने पाहता, चाक ज्या अक्षाभोवती वळते त्याचा कल) तफावत, एखाद्या टायरच्या घडणीतच असलेला तिरकसपणा, किंवा पूर्ण न सुटणारा ब्रेक अशी कारणे असतात. याउलट गाडी हात न लावता सरळ जाते, पण त्या वेळी स्टीअरिंगचा आरा आडवा नसून कललेला असतो, तेव्हा प्रश्न 'टो'चा, म्हणजे वरून पाहता चाके आत किंवा बाहेर किती वळलेली आहेत याचा, असतो: पुढची चाके स्टीअरिंगच्या मध्याशी जुळलेली नसतात, किंवा मागची चाके गाडीला किंचित तिरक्या दिशेने ढकलत असतात. आपल्या वर्णनावरून आपला दोष दुसऱ्या प्रकारचा वाटतो. स्टीअरिंग सरळ धरल्यावर गाडी उजवीकडे जाते हे ओढणे नव्हे. पुढची चाके त्या वेळी खरोखरच उजवीकडे वळलेली असतात.

तरीही खात्री करून घ्यावी. रस्त्याच्या उताराविषयी सर्व्हिस ॲडव्हायझर जे म्हणाले त्यात तथ्य आहे, पण ते अर्धेच. पाणी वाहून जावे म्हणून रस्ता मध्यापासून कडेकडे उतरता असतो, हा उतार बहुधा 2 टक्क्यांच्या आसपास असतो, आणि त्यामुळे बहुतेक गाड्या कडेच्या बाजूला थोड्या सरकतात. मात्र उताराचा परिणाम रस्त्याप्रमाणे बदलतो. ज्या रस्त्याचा उतार उलट बाजूला आहे, अशा ठिकाणी किंवा एखाद्या सपाट, रिकाम्या जागेत स्टीअरिंग त्याच बाजूला आणि तितकेच कललेले राहिले, तर रस्त्याकडे बोट दाखवता येणार नाही. ही चाचणी करताना लेन सांभाळणारी यंत्रणा बंद ठेवावी, नाहीतर ती मधेच स्टीअरिंग फिरवते आणि निरीक्षणाला अर्थ उरत नाही. वारा नसलेला दिवस निवडावा आणि हात स्टीअरिंगजवळच ठेवावेत.

मोजमापाची एक साधी रीत सांगतो. स्टीअरिंगच्या कडेवर, अगदी वरच्या मध्यावर, कागदी चिकटपट्टीचा तुकडा लावून त्यावर रेघ ओढावी आणि तशीच रेघ समोर मीटरच्या वरच्या आच्छादनावर ओढावी. गाडी उभी असताना, आरा डोळ्यांना आडवा दिसेल तेव्हा दोन्ही रेघा जुळल्या पाहिजेत. मग सरळ रस्त्यावर, गाडी स्थिर वेगाने धावत असताना, शेजारी बसलेल्या व्यक्तीने चालकाच्या नजरेच्या रेषेत फोन धरून छायाचित्र घ्यावे. दोन रेघांमधील अंतर आपल्याला कागदावर हवे आहे. "थोडे तिरके वाटते" या वाक्याला "सवय होईल" असे उत्तर मिळते; मिलिमीटरमध्ये मांडलेल्या तक्रारीला तसे उत्तर देणे कठीण जाते.

आणि आपल्याला मिळालेल्या कागदावरील पुढच्या दोन्ही चाकांचे टो, एकूण टो, मागच्या चाकांचे टो आणि थ्रस्ट अँगल (मागची चाके गाडीला ढकलतात त्या दिशेचा कोन) हे आकडे, त्यांच्या मर्यादांसह, कळवावेत. पुढे बोलता येईल.

आपला,
मंडळातील एक काका

*

काकांना नमस्कार,

इतक्या सविस्तर उत्तराबद्दल मनापासून आभार. टायरमध्ये हवा खरोखरच जास्त होती. ती योग्य केली, पण स्टीअरिंगमध्ये फरक पडला नाही. उलट उताराच्या रस्त्यावरही ते डावीकडेच कलते आणि हात सैल सोडले तरी गाडी मार्ग सोडत नाही. चिकटपट्टीवर मोजले असता रेघांमधील अंतर अर्ध्या सेंटिमीटरहून थोडे अधिक, म्हणजे सहा-सात मिलिमीटर भरते.

कागदावरील आकडे असे आहेत. पुढचे डावे चाक टो अधिक 0.18 अंश, पुढचे उजवे चाक उणे 0.08 अंश, प्रत्येक चाकाची मर्यादा उणे 0.10 ते अधिक 0.20. एकूण टो अधिक 0.10. मागचे टो दोन्हीकडे समान आणि थ्रस्ट अँगल 0.01 अंश. कॅम्बर आणि कॅस्टर दोन्ही बाजूंना जवळजवळ सारखे आहेत. सगळे हिरवे आहे. यात दोष कुठे शोधावा?

आपली,
तीच सभासद

*

ताईंना नमस्कार,

दोष याच आकड्यांमध्ये आहे, आणि तो आपल्या चिकटपट्टीवरील मापाशी जुळतो, हे पाहून मला फार समाधान वाटले.

टो अधिक असणे म्हणजे चाकाचे तोंड आतल्या बाजूला वळलेले असणे, आणि उणे असणे म्हणजे ते बाहेर वळलेले असणे. डावे चाक आत वळते तेव्हा ते उजवीकडे पाहते. उजवे चाक बाहेर वळते तेव्हा तेही उजवीकडेच पाहते. म्हणजे स्टीअरिंग मध्यावर असताना आपल्या गाडीची दोन्ही पुढची चाके उजवीकडे रोखलेली आहेत, एक 0.18 अंशाने आणि दुसरे 0.08 अंशाने, सरासरी 0.13 अंश. सरळ जाण्यासाठी चालकाला हे 0.13 अंश डावीकडे वळवून भरून काढावे लागतात. स्टीअरिंगचे गुणोत्तर अनेक गाड्यांत 15:1 च्या आसपास असते, म्हणजे रस्त्यावरच्या चाकाचा एक अंश हाताखाली सुमारे पंधरा अंश होतो. तेव्हा 0.13 चे सुमारे 2 अंश झाले, आणि सदतीस-अडतीस सेंटिमीटर व्यासाच्या स्टीअरिंगच्या कडेवर 2 अंश म्हणजे सहा-सात मिलिमीटर. आपण मोजलेत तेवढेच.

प्रत्येक चाक आपापल्या मर्यादेत आहे, दोघांची बेरीजही आदर्श आहे, म्हणून यंत्राने सगळे हिरवे दाखवले. बेरीज बरोबर असल्यामुळे टायर लवकर झिजणार नाहीत, आणि त्यामुळेच कार्यशाळेत काम झाले असे मानले गेले. परंतु ती बेरीज दोन चाकांत समान वाटली गेलेली नाही, आणि तिरके स्टीअरिंग हा त्या असमान वाटणीचाच परिणाम आहे. हिरवा रंग एवढेच सांगतो की आकडा मर्यादेबाहेर नाही. स्टीअरिंग सरळ आहे की नाही, हे तो सांगत नाही.

आपल्या बाबतीत मागच्या चाकांवर संशय घेण्याचे कारण नाही, ही चांगली गोष्ट आहे. थ्रस्ट अँगल म्हणजे मागची चाके मिळून गाडीला ज्या दिशेने ढकलतात ती दिशा आणि गाडीची मध्यरेषा यांतील कोन. तो 0.2 अंश असता तर केवळ त्यापायी स्टीअरिंग 3 अंश कलले असते आणि पुढे कितीही खटपट केली तरी गाडी अंग तिरके ठेवूनच धावली असती. म्हणूनच चारही चाकांचे अलाइनमेंट नेहमी मागून सुरू करतात. मागे स्वतंत्र सस्पेन्शन असेल तर बहुधा तिथे समायोजनाचे बोल्ट असतात; टॉर्शन बीम (मागची दोन्ही चाके जोडणारी एकच आडवी तुळई) असलेल्या गाडीत सहसा ते नसतात आणि कोन चुकलेला असल्यास शिम (पातळ चकती) घालण्याची किंवा भाग बदलण्याची वेळ येते.

आपले काम मात्र पुढच्या दोन टाय रॉडवर भागेल. इंजिन चालू ठेवून, म्हणजे पॉवर स्टीअरिंगचे साहाय्य मिळत असताना, स्टीअरिंग थोडे डावी-उजवीकडे हलवून मध्यावर आणायचे, त्यावर पाणसळ ठेवून आरा आडवा असल्याची खात्री करायची आणि स्टीअरिंग रोखून धरणाऱ्या साधनाने ते तिथेच पक्के करायचे. पुष्कळ ठिकाणी हे नजरेच्या अंदाजाने होते, आणि अंदाज दोन अंशांनी चुकायला वेळ लागत नाही. त्यानंतर दोन्हीकडचे लॉक नट सैल करून डाव्या चाकाचे टो 0.13 ने कमी आणि उजव्याचे तेवढ्यानेच जास्त करायचे. दोन्ही चाके अधिक 0.05 वर येतील आणि एकूण टो 0.10 च राहील. नट आवळताना रॉड किंचित फिरतो, म्हणून आवळून झाल्यावर आकडे पुन्हा वाचायला सांगावे. छापील कागद त्यानंतरचाच असावा.

तक्रार पुन्हा नेणे सर्वस्वी रास्त आहे आणि त्यात विलंब करू नये. अलाइनमेंटसारख्या समायोजनांना मिळणारे संरक्षण मूळ वॉरंटीपेक्षा पुष्कळदा कमी काळाचे असते, त्यामुळे आपल्या वॉरंटी पुस्तिकेतील ते कलम आजच वाचावे. कामाच्या पावतीवर "अलाइनमेंट तपासणे" असे मोघम न लिहवता, "सरळ रस्त्यावर स्टीअरिंग 2 अंश डावीकडे राहते, पुढच्या चाकांचे टो समान करून स्टीअरिंग मध्यावर आणावे" असे लिहवून घ्यावे, आणि काम सुरू होण्यापूर्वी तंत्रज्ञाला शेजारी बसवून एक फेरी मारावी. काउंटरवर सांगितलेले कामापर्यंत पोहोचेलच असे नाही.

आपला,
काका

*

सर्वांना नमस्कार,

वरील चर्चेत एका गोष्टीची भर घालतो. आजच्या गाड्यांमध्ये स्टीअरिंगचा कोन मोजणारा सेन्सर असतो, आणि गाडी घसरू नये म्हणून काम करणारी स्थैर्य-यंत्रणा, लेन सांभाळणारी यंत्रणा आणि विजेवर चालणारे पॉवर स्टीअरिंग त्याच्यावर अवलंबून असतात. टाय रॉड हलवल्यावर पुष्कळ गाड्यांत या सेन्सरचा शून्यबिंदू स्कॅन टूलने (गाडीच्या संगणकाला जोडायच्या उपकरणाने) पुन्हा नोंदवावा लागतो. काही गाड्या तो चालता चालता स्वतः शिकतात. तो नोंदवला नाही तर यांत्रिक काम निर्दोष असूनही इशाऱ्याचा दिवा लागू शकतो, किंवा स्टीअरिंग चुकीच्या मध्याकडे परतू पाहते. समोरचा कॅमेरा किंवा रडार असलेल्या काही गाड्यांत अलाइनमेंटनंतर त्यांचेही कॅलिब्रेशन (नव्याने जुळवणी) उत्पादकाने आवश्यक ठरवलेले असते. आपल्या गाडीस यांपैकी काय लागू आहे, हे काम देतानाच विचारून पावतीवर नमूद करून घ्यावे.

आणखी एक सभासद

*

काका आणि सर्व मंडळी, सप्रेम नमस्कार,

काम झाले. या वेळी छायाचित्र आणि वरील गणित दोन्ही सोबत नेले होते. तंत्रज्ञ माझ्याबरोबर फेरीला आले, आणि कल त्यांनी स्वतःच, मी काही सांगण्यापूर्वी, बोलून दाखवला. पाणसळ लावून स्टीअरिंग पक्के केल्यावर दोन्ही चाके अधिक 0.05 आणि अधिक 0.06 वर आणली गेली, सेन्सरचा शून्यबिंदू नव्याने नोंदवला गेला, आणि आता चिकटपट्टीवरील रेघा गाडी धावत असतानाही जुळतात. ज्यांना हवे असतील त्यांना काम होण्यापूर्वीचा आणि नंतरचा असे दोन्ही कागद पाठवीन.

आपली,
तीच सभासद